आईसाठी आणलेलं चालायचं मशीन

आधीच माफी मागतो. लिहिणाऱ्याकडं सांगण्यासारखं काहीतरी मोठं असावं लागतं, असं मी मानत आलो आहे, आणि माझ्याकडं तसं काही नाही. मी धाराशिवला वसतिगृहात राहून बी.ए. करतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही. ज्यांना लिहिता येतं त्यांनी लिहावं आणि आपण वाचावं, हेच मला शोभतं. तरीही लिहायला बसलो आहे. कारण गेले काही दिवस खिडकी उघडली की वसतिगृहामागच्या रानातून काढलेल्या ज्वारीचा वास येतो. वाळलेल्या ताटांचा, तापलेल्या धुळीचा, थोडासा गोड. तो आला की पुस्तक उघडं राहतं आणि डोळे एकाच ओळीवरून पुन्हा पुन्हा फिरतात.

आमच्याकडं परीक्षा आणि ज्वारी एकदमच येतात. शाळेत असताना या दिवसांत वर्ग निम्मा रिकामा असायचा आणि गुरुजी हजेरी घेताना कोण कुणाच्या रानात आहे हे मुलांनाच विचारायचे. आई तेव्हा रोजानं काढणीला जायची. भूमच्या बाजूला आमचं गाव, तिथली जमीन कोरडी, पण ज्वारी धरून ठेवणारी. ती विळ्यानं कापत नाहीत, मुळासकट उपटतात. दोन्ही मुठींत ताटं धरायची, कमरेतून मागं झुकायचं आणि झटका द्यायचा. मुळं सुटताना जमिनीतून कट्कन् आवाज येतो. एका ओळीला पात म्हणतात, आणि आईची पात नेहमी सगळ्यांच्या पुढं असायची. संध्याकाळी ती परत यायची तेव्हा तिच्या हातांवर पानांचे बारीक चरे असत, केसांत कणसांची कूस असे, आणि अंगाला तोच वास असे, जो आता माझ्या खिडकीतून येतो. मी उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसलेला असायचो. ती पदराला हात पुसत जवळ यायची, पुस्तकात डोकवायची. पुस्तकाला हात मात्र लावायची नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, भूमच्या एका शाळेत शिपाई आहेत. बरीच वर्षं ते तात्पुरते होते. कायम झाले त्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन आले, देवापुढं ठेवला आणि आईला म्हणाले, "आजपासनं कुणाच्या बांधाला पाय लावायचा न्हाय."

ज्यांनी असे दिवस काढलेले नाहीत त्यांना या वाक्याचं वजन कळायचं नाही. घरातली बाई रोजानं जायची थांबली की घर वर आलं असं गाव धरतं. पक्क्या भिंती नंतर येतात, गाडी नंतर येते, पण आधी हे. आई त्या दिवशी हसली होती. पुढच्या सुगीत मात्र सकाळी बायकांची रांग रानाकडं निघाली की ती हातातलं काम टाकून दारात उभी राहायची. रांग वळणाआड जाईपर्यंत तिथंच असायची. मी ते पाहत होतो. मला वाटायचं, सुटका झाली म्हणून बघत असेल.

मग काही वर्षांत तिला साखरेनं गाठलं.

डॉक्टर चांगले होते. रागावले नाहीत. म्हणाले, "गोळ्या वाढवून झाल्या, मावशी. आता तुम्ही चालायचं. रोज, न चुकता. पुढच्या तपासण्यांत फरक दिसला नाही तर इन्शुलिनची सुई सुरू करावी लागेल." सुई म्हटल्यावर आईनं माझ्या शर्टाची बाही धरली. जळकोटला तिची थोरली बहीण असते. तिला आधी सुई लागली, मग पायाला जखम झाली, मग पाय काढावा लागला. मावशी आता दिवसभर दारात बसून हायवेवरच्या गाड्या बघते. सुईनं पाय जात नाही, उलट वेळेवर घेतली तर वाचतो, हे डॉक्टरांनी समजावलं, मीही समजावलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एसटीत बसल्यावर म्हणाली, "चालते मी. सुई नगं."

चालणं हे किती सोपं औषध, असं मला वाटलं होतं. जिनं जन्म चालण्यात घालवला तिला चालायला काय लागतं?

पण आमच्या गावात माणूस उगाच चालत नाही. वाटेत भेटलेला प्रत्येक जण "कुठं?" एवढंच विचारतो. रामराम म्हणावं तसं ते असतं, पण त्याला उत्तर द्यावं लागतं. दळणाला. रानात. दवाखान्यात. सोसायटीत. पुरुषाला एखादे वेळी "असंच" म्हणून चालतं, बाईला नाही. बाईच्या हातात काहीतरी हवं, डोक्यावर काहीतरी हवं, निदान कडेवर मूल तरी. मोकळ्या हातांनी, कुठंही न जाता, नुसतं जाऊन परत यायचं, याला आमच्याकडं शब्दच नाही.

शेजारच्या कौशीकाकूंनी पहिल्याच संध्याकाळी तिला गाठलं. आईनं ते मला फोनवर सांगितलं, तेव्हा दोघींचे आवाज काढून सांगितलं.

"कुठं गं?"

"चालायला."

"कुठवर?"

"पुलापस्तोर."

"पुलाशी काय हाय?"

"काय न्हाय. माघारी यायचं."

"मंग जायची कशाला?"

आई सांगताना हसत होती. पण दुसऱ्या दिवशी पारावरच्या कुणीतरी, "तहसीलदारीणबाई आल्या का फिरून?" असं विचारलं, ते तिनं हसून सांगितलं नाही. ते मला अण्णांकडून कळलं.

त्यानंतर मी गावी गेलो तो संध्याकाळच्या एसटीनं. फाट्याच्या अलीकडं रस्त्याच्या कडेनं एक बाई चालताना दिसली. साडी, पायात माझे जुने बूट, हात मोकळे. गाडीचा आवाज ऐकून ती दचकली, चटकन खाली वाकली आणि कडेच्या काटक्या वेचू लागली. गाडी तिला ओलांडून पुढं जाईपर्यंत ती वेचत होती. मागच्या काचेतून मी बघितलं, तिनं मूठ उघडली, काटक्या टाकल्या, पदर सावरला आणि पुन्हा चालू लागली. माझी आई. गाडीतलं कुणी तिच्याकडं बघतही नव्हतं.

त्या काटक्यांची जेवढी लाज मला वाटली तेवढी आजवर कशाचीच वाटली नव्हती. कुणाची वाटली हे नीट सांगता येत नाही. गावाची, तिची, की तिला असं वाकायला लावणाऱ्या त्या 'कुठं'ची. आणि मग, शिकलेल्या पोराला सुचावा तसा मला उपाय सुचला. रस्ताच घरात आणायचा.

धाराशिवला एका बँकेतल्या साहेबांकडं ट्रेडमिल विकायला आहे, हे माझा खोलीतला मित्र सुदाम यानं सांगितलं. आम्ही दोघं बघायला गेलो. गच्चीलगतच्या खोलीत ते उभं होतं आणि त्याच्या दोन्ही दांड्यांवर टॉवेल वाळत घातले होते. साहेबांच्या बाईंनी टॉवेल काढत काढत सांगितलं, "घेतल्यावर महिनाभर वापरलं. मग राहूनच गेलं." ते चालू करून दाखवलं तेव्हा पट्टा आपला आपला पळायला लागला, वर कुणी नसताना. मला ते बघून उगाच संकोच वाटला.

परत येताना सुदाम म्हणाला, "आईला विचारलंस?"

"तिच्यासाठीच तर घेतोय."

"ते झालं रे. विचारलंस का?"

सुदाम सास्तूरचा. त्याच्या घरी बैलगाडी आहे, गोठा आहे, आणि कुठलीही नवी वस्तू घ्यायच्या आधी आजीला विचारायची पद्धत आहे. मी त्याला म्हणालो, विचारलं तर ती नकोच म्हणेल. तो म्हणाला, "मग उत्तर मिळालं की." मी हसलो. कित्येक दिवस मी घेऊ की नको करत राहिलो. वर्गात बसल्यावर वाटायचं घ्यावं, गावचं घर डोळ्यांपुढं आलं की वाटायचं नको, पुढची खोली केवढी, ते ठेवायचं कुठं. शिष्यवृत्ती जमा झाली आणि मी घेऊन टाकलं. खरं कारण आज लिहितो, कारण तेव्हा ते मला दिसत नव्हतं. मला आईसाठी काहीतरी करायचं होतं, पण ते असं काहीतरी, जे शिकलेल्यालाच सुचतं.

टेम्पोतून ते गावात उतरलं तेव्हा निम्मी गल्ली जमली. पुढच्या खोलीतली खाट बाहेर ओसरीवर गेली आणि तिच्या जागी मशीन आलं. कुणीतरी विचारलं, "ह्याच्यावर दळण बी होतं का?" अण्णांनी शाळेतल्यासारखं पोरांना मागं सारलं. आई आतून आली, हातात हळदकुंकवाची कोयरी आणि नारळ. आमच्याकडं घरात नवीन काही आलं की पूजा होते, पाइप असो की फवाऱ्याचा पंप. तिनं पट्ट्यावर कुंकवाची बोटं ओढली, अक्षता टाकल्या, अण्णांनी नारळ फोडला, खोबरं वाटलं गेलं. मी त्याचा फोटो काढला आणि सुदामला पाठवला. सगळं किती छान चाललं होतं.

मग मी म्हणालो, "आई, चढ आता."

ती पायरीपाशी उभी राहिली. पट्ट्यावरच्या कुंकवाकडं बघत म्हणाली, "आत्ताच पूजा केली, अन् पाय देऊ व्हय?"

"अगं, पाय द्यायलाच आणलंय ते," अण्णा म्हणाले.

कौशीकाकू दारातच होत्या. "जीपगाडीला नारळ फोडतो अन् बसतो का न्हाय आपण?"

"बसतो," आई म्हणाली. "लाथा न्हाय मारीत."

सगळे हसले, मीही हसलो. त्या दिवशी ती चढली नाही. दुसऱ्या दिवशी मी ओल्या फडक्यानं कुंकू पुसू लागलो तर माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. तिसऱ्या दिवशी, घरात मी एकटाच असताना, तिनं पट्ट्याला हात लावला, तो कपाळाला लावला, माफी मागितल्यासारखं काहीतरी पुटपुटली आणि चढली. मशीनला एक लाल दोरी असते, ती कपड्याला अडकवायची, म्हणजे माणूस पडलाच तर पट्टा थांबतो. ती मी तिच्या पदराला अडकवली. पट्टा हळूहळू सरकायला लागला आणि आईनं दोन्ही दांड्या अशा धरल्या, जशी ती ज्वारीची ताटं धरायची. डोळे मिटलेले.

"डोळे उघड की."

"भिंत दिसायली रं समोर. कुठं जाऊ?"

पडद्यावर आकडे पळत होते. ते कसले म्हणून तिनं विचारलं. मी सांगितलं, तू किती जाळलंस ते.

"काय जाळलं?"

"खाल्लेलं."

"खाल्लेलं कशापायी जाळायचं?"

मी कॅलरी हा शब्द उच्चारला आणि तो आमच्या त्या खोलीत किती निरर्थक आहे हे उच्चारतानाच कळलं. तिच्या लहानपणी घरात एक भाकरी तिघांत व्हायची, हे ती मला सांगत आलेली आहे.

तेवढ्यात रानातल्या विहिरींवरच्या मोटारींची लाईट आली असावी. घरातला दिवा मंद झाला, पट्टा कण्हल्यासारखा हळू झाला आणि थांबला. आई खाली उतरली, आपल्या दोन्ही तळव्यांकडं बघितलं. म्हणाली, "माणूस चालून आलं की घरात कायतरी घेऊन येतंय. शेण म्हणा, सरपण म्हणा, पातरीची भाजी म्हणा. ह्याच्यावरनं उतरले, तर हात रिकामेच." मग माझा चेहरा बघून घाईनं म्हणाली, "पर बरं हाय. घरातल्या घरात. कुणी बघत न्हाय."

मी त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं.

धाराशिवला परतलो आणि अभ्यासाला लागलो. गेल्या वर्षीच्या परीक्षेचे दिवस जवळ आले होते. वसतिगृहात रोज कुणीतरी खिडकीशी उभं राहून मोठ्यानं पाठ करायचं, जिन्यात चहाचे कप साठायचे, दुपारी पंख्याखालीही कागद हाताला चिकटायचे. याच हवेत, याच वासात मी रोज संध्याकाळी अण्णांच्या फोनवर आईशी बोलायचो. पहिला प्रश्न ठरलेला.

"चाललीस का आज?"

"चालले की."

"खूप?"

"लई. तू जेवलास का?"

तिचा आवाज थकलेला असायचा, पण त्या थकव्यात एक मोकळेपणा होता, जो मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. मला तो ऐकून बरं वाटायचं. फोन ठेवल्यावर मी सुदामकडं अशा नजरेनं बघायचो की तो विचारायचा, "काय, पळायली का मशीनवर?" आणि मी मान हलवायचो. एकदा वर्गात आहारावर काही चर्चा निघाली, तेव्हा मी उभं राहून सांगितलं, की आमच्या खेड्यातल्या घरी मी आईसाठी ट्रेडमिल घेतलं आहे. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. बाईंनी त्याला गप्प केलं आणि माझं कौतुक केलं. त्या कौतुकाची चव मला आजही आठवते. आठवली की मी एकटा असलो तरी मान खाली घालतो.

आता या खोलीत बसून मी त्या फोनांचा विचार करतो. त्या फोनांत आई माझ्याशी एकदाही खोटं बोलली नाही. मीच कधी विचारलं नाही, की कुठं चाललीस. सगळं गाव जे विचारायचं ते तेवढं मी विचारलं नाही. मला वाटत होतं की ते न विचारणं म्हणजेच आपलं सुधारलेपण.

गेल्या वर्षी शेवटचा पेपर संपला तेव्हा दुपार होती. कॉलेजच्या पायऱ्यांवर मुलं एकमेकांना उत्तरं विचारत होती. ऊन असं होतं की समोरच्या मैदानाकडं बघवत नव्हतं. अण्णांनी सांगून ठेवलं होतं, पेपर संपेपर्यंत घराकडं यायचं नाव काढू नकोस. आता निघावं, पहिली एसटी पकडावी असा विचार करत होतो, तेवढ्यात कौशीकाकूंचा फोन आला. त्यांच्या मुलीला धाराशिवला अकरावीला घालायचं होतं, मुलींच्या वसतिगृहाची चौकशी करायची होती. मी जे माहीत होतं ते सांगितलं. मग सहज विचारलं, "काय म्हणतीय सुगी, काकू?"

"आटपत आली बग. आता दोनच रानं ऱ्हायलीत. कंबर मोडली माझी तर. तुझ्या मायचं बरं हाय, तिची पात आजून बी सगळ्यांच्या म्होरं."

मला वाटलं त्या जुनं काही सांगतायत. "कधीचं म्हणताय?"

"कधीचं म्हंजे? आजचं. सकाळधरनं संगटच हाव की. ती बसलीय तिकडं लिंबाखाली, भाकर खायली."

"माझी आई? रानात?" काकूंच्या लक्षात आलं असावं. त्यांचा आवाज बारीक झाला.

"आरं देवा. तुला ठाव न्हाय व्हय? तुझी परीक्षा व्हती म्हणून कुणी बोललं नसंल."

"काकू, नीट सांगा."

"सांगायचं काय त्यात? तू गेलास अन् चार दिसांनी आली माझ्यासंगं. म्हणली, घरात जीव गुदमरतोय, पात धरते, चालणं बी व्हईल अन् कुणी इचारायचं बी न्हाय. तुझ्या बापाला पत्ता नव्हता आधी. कळलं तवा दोन दिस धड जेवला न्हाय तो. मग गप झाला. गावाचं म्हणशील तर गावाला काय, तोंड हाय. म्हणत्यात, पोरानं हप्त्यावर मशीन आणलं अन् मायला रोजानं लावलं."

"हप्त्यावर नाही घेतलं मी."

"मला म्हाईत हाय की. मी भांडले एकीसंगं त्याच्यावरनं. तुझी माय कुणाला काय बोलत न्हाय. ऐकती अन् पुढची ताटं धरती."

पायऱ्यांवर सुदाम माझ्याकडं बघत होता. मी दुसरीकडं तोंड केलं.

"काकू, तिची तपासणी होती ना?"

"झाली की काल. मीच गेल्ते संगं, तुझ्या बापाची शाळा व्हती. सुई न्हाय लागायची म्हणला डाक्टर. लई उतरलीय साखर. त्यो बी चक्रावला. कागद दोनदा बघितला अन् इचारलं, मावशी, असं केलं काय तुम्ही?"

"मग?"

"मग काय. मी सांगायच्या आधी तीच बोलली. म्हणली, माझ्या लेकानं चालायचं मशीन आणून दिलंय, त्याच्यावर चालते रोज."